शांत रस्ता तक्त्यात का सापडत नाही?

सायकल-पर्यटन किंवा ग्रामीण रस्ते या विषयावरचे जे संशोधन-आराखडे माझ्याकडे वाचायला येतात, त्यांच्या ‘पद्धती’च्या प्रकरणात हल्ली एक नाव हमखास असतं : एलटीएस, म्हणजे लेव्हल ऑफ ट्रॅफिक स्ट्रेस. मराठीत ‘वाहतूक-ताण पातळी’ म्हणूया. मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या तिघांचा २०१२ चा अहवाल, मिनेटा ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूटने काढलेला. ‘कोल्हापूर ते किनारा : वाहनांच्या गर्दीपासून दूर सायकलमार्ग’ अशा धर्तीचा विषय कुणी घेतला की हीच फूटपट्टी उचलली जाते. फूटपट्टी उत्तमच आहे. पण ती कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरासाठी, कामावर जाणाऱ्या माणसाला समोर ठेवून केलेली आहे. तिने राधानगरी किंवा देवगड मोजायला घेतलं की काय होतं, ते बघायला हवं.

आधी श्रेय देऊ. रस्त्यांच्या चार पातळ्या केल्या : पहिली लहान मुलांना झेपणारी, दुसरी सर्वसाधारण प्रौढाला, तिसरी सरावलेल्याला, चौथी फक्त बेधडक माणसाला. यात खरी ताकदीची गोष्ट म्हणजे ‘सगळ्यात कमकुवत दुवा’. मार्गाची पातळी सरासरीने ठरत नाही, त्यातल्या सगळ्यात वाईट तुकड्याने ठरते. एकोणीस किलोमीटर निवांत आणि एक किलोमीटर जीव मुठीत, तर तो मार्ग जीव मुठीत धरायचाच. त्यांनी सॅन होजेच्या नकाशावर फक्त कमी ताणाचे रस्ते ठेवले, तेव्हा शहराची बेटं झालेली दिसली. आत छान सायकल चालवता येते, पण एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं तर मोठा रस्ता आडवा. सहा मैलांपर्यंतच्या कामाच्या फेऱ्यांपैकी दुसऱ्या पातळीवर पूर्ण होऊ शकणाऱ्या फेऱ्या निघाल्या जेमतेम ४.७ टक्के. आणि मोक्याच्या जागी मिळून ३२ मैलांची सुधारणा केली तर हा आकडा जवळजवळ तिप्पट होतो, हेही त्यांनी दाखवलं. नवीन रस्ते किती बांधले यापेक्षा ते कुठे बांधले हे महत्त्वाचं, ही गोष्ट इतक्या स्वच्छ रीतीने फार कमी अहवालांत दिसते.

हे बेटांचं चित्र आपल्याकडेही लागू पडतं. फोंडा घाट उतरा, गगनबावड्याहून करूळ उतरा, नाहीतर आंबोलीवरून सावंतवाडीला या. समुद्राकडे जायचं तर कुठेतरी राष्ट्रीय महामार्ग ६६ ओलांडावाच लागतो. घाटाकडची गावं एका बाजूला, किनारा दुसऱ्या बाजूला आणि मधे हा चौपदरी पट्टा. तेव्हा कोल्हापूर-कोकण सायकलमार्गाचा अभ्यास म्हणजे निम्मा या ओलांडण्याच्या जागांचा अभ्यास आहे. नकाशावर सुंदर वळणाची रेघ काढून हा प्रश्न सुटत नाही. इथवर अहवाल आपल्या कामाचा.

घोटाळा पुढे आहे. मूळ तक्ता नीट वाचा. वाहनांबरोबर एकाच रस्त्यावर सायकल चालवायची असेल तर पातळी ठरते पदरांची संख्या आणि वेगमर्यादा यांवरून. मधला पट्टा आहे की नाही, वस्तीचा रस्ता आहे का, असे थोडे बारकावे आहेत. पण वाहनं किती जातात हा रकानाच त्यात नाही! वेगमर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे साधारण ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त असली की रस्ता थेट चौथ्या पातळीत. आता गावाबाहेरचा कुठलाही आडरस्ता घ्या, जिथे दिवसाकाठी एसटीच्या दोन-चार फेऱ्या आणि थोड्या दुचाक्या एवढीच वर्दळ असते. कायद्याने तिथली मर्यादा ५६ च्या वरच धरली जाणार. म्हणजे तक्त्यानुसार तो आडरस्ता आणि तावडे हॉटेलजवळचा पुणे-बेंगळुरू महामार्ग एकाच रांगेत. ज्या गुणासाठी आपण मार्ग शोधतोय तो गुणच फूटपट्टीला दिसत नाही. शहरात हे खपून जातं, कारण तिथे पदर आणि वेग यांवरून वर्दळीचा साधारण अंदाज येतो. ग्रामीण भागात तो येत नाही. फर्थ यांनी २०१७ च्या सुधारित आवृत्तीत वाहनसंख्या घातली, हे लक्षात ठेवा. तरी विद्यार्थ्यांच्या आराखड्यांत २०१२ चाच तक्ता उतरवलेला असतो. मूळ संदर्भ देण्याचा मोह समजतो, पण संदर्भ जुना आणि काम आजचं असं चालत नाही.

मग म्हणाल, वाहनसंख्या घालू की. घाला, पण कुठली? आपल्याकडची मोजणी सहसा ‘पीसीयू’त, म्हणजे कारच्या एककात, बदलून मांडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत कार म्हणजे १, ट्रक किंवा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५ आणि बैलगाडी ८. लहान असली तर ६. म्हणजे एक बैलगाडी बरोबर आठ कार! ट्रकवाल्याच्या बाजूने हिशोब बरोबर आहे, गाडी पुढे असली की त्याचा खोळंबा होतो. पण सायकलवाल्याला विचारा. मागून बैलगाडी येतेय याचा त्याला काडीचा ताण नसतो. ताण येतो तो दोन ट्रॉल्या जोडलेला, ऊस रस्त्यावर लोंबणारा ट्रॅक्टर पाठीशी आला की. त्याचं वजन मात्र बैलगाडीच्या जवळपास निम्मं. पीसीयूचा आकडा जसाच्या तसा एलटीएसमध्ये टाकलात तर बैलगाड्यांचा रस्ता धोक्याचा ठरेल आणि ट्रॅक्टरांचा त्यापेक्षा बरा. हे एकक रस्त्याची क्षमता मोजायला केलेलं आहे, भीती मोजायला नव्हे. कच्ची मोजणी, म्हणजे वाहनाच्या प्रकारानुसारचे आकडे, मागून घ्या. पीसीयूत बदललेल्या बेरजेवर भागवू नका.

त्यात आपला ऊस. राधानगरीच्या रस्त्याला परितेचा भोगावती कारखाना, गगनबावड्याच्या बाजूला कुडित्र्याचा कुंभी-कासारी. गाळप सुरू असताना याच रस्त्यांचा स्वभाव पार बदलतो. जून-जुलैत जो रस्ता रिकामा, तोच जानेवारीच्या रात्री ट्रॅक्टरांची रांग. पर्यटक सायकल घेऊन निघणार कधी? पावसाळ्यात घाटात धुकं आणि दरडी, एप्रिल-मेमध्ये कोकणात घामाच्या धारा. उरतो तो हिवाळा, म्हणजे नेमका गाळपाचा हंगाम. वार्षिक सरासरी वाहनसंख्या इथे साफ फसवते. त्यातून भाद्रपदात चाकरमानी कोकणात उतरतात ते वेगळंच. मोजणी कुठल्या महिन्यात केली हे ज्या प्रबंधात लिहिलेलं नाही, त्यातला ‘शांत’ हा शब्द मी तरी गंभीरपणे घेत नाही.

अहवालातली आणखी एक अट : कमी ताणाचा मार्ग सरळ मार्गापेक्षा २५ टक्क्यांहून लांब असेल तर तो जोडलेला धरायचा नाही. नोकरीला जाणाऱ्यासाठी अट रास्त आहे. पण फिरायला निघालेल्या माणसाला वळसा हा खर्च वाटत नाही, बऱ्याचदा तो त्यासाठीच आलेला असतो. देवगडहून मालवणला जाताना कुणकेश्वर, आचरा असं किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्याला ‘तुझा मार्ग जोडलेला नाही’ असं कोण सांगणार? ही अट काढलीत तर तसं कारणासकट लिहा. गुपचूप ५० टक्के करून टाकणारेही मी पाहिलेत.

आणि आता किनारा. मला वाटतं एलटीएसचा विचार खरा अडखळतो तो इथे. त्या विचारात तुटलेला दुवा म्हणजे दोष. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र शांतता आली ती दुवे तुटलेले आहेत म्हणून. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग कागदावर कधीपासूनचा आहे, पण मधे खाड्या आहेत. दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे आजवर गाडीसकट फेरीबोटीतूनच पलीकडे जायचं. लांबच्या ट्रकला हा खोळंबा परवडत नाही, म्हणून तो महामार्ग धरतो. सायकलवाल्याचं काय, तो जेटीवर पाणी पितो, बोट आली की चढतो. म्हणजे जो अडथळा, तोच गाळणीचं काम करतो. रस्त्यांच्या तक्त्यात या बोटीला जागाच नाही.

खाड्यांवर पूल बांधायचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलंय. एलटीएसच्या नकाशावर पूल आला की दोन बेटं जोडली जातील, टक्केवारी वर जाईल, आणि तुमचा प्रबंध म्हणेल की सुधारणा झाली. त्याच वेळी दोन्ही तीरांवरच्या पन्नासेक किलोमीटर रस्त्याची वर्दळ वाढलेली असेल, आणि मूळ तक्त्यात वर्दळ नसल्यामुळे ती कुठेच उमटणार नाही. पूल नको असं मी म्हणत नाही. रात्री बाळंतीण अडली तर पलीकडच्या गावाला बोटीच्या वेळापत्रकावर विसंबायला सांगणं, हे पर्यटनाच्या नावाखाली कुणी करू नये. पण पुलावर सायकलसाठी वेगळी पट्टी हवी का, जुनी फेरी चालू राहावी का, हे प्रश्न आराखडा पक्का होण्याआधी विचारायचे असतात, आणि ते विचारायला आपल्या हातात पुराव्याचा आकडा लागतो. तो आकडा ही पद्धत देत नाही.

ब्रिटनमध्ये सस्ट्रान्स या संस्थेने आपल्या राष्ट्रीय सायकल-जाळ्यासाठी साधी कसोटी लावली : बारा वर्षांचं मूल एकटं जाऊ शकेल का? त्यातून २०२० मध्ये जाळ्याचा जवळपास चौथा हिस्सा त्यांनी स्वतःच वगळला किंवा त्याचा दर्जा बदलला. फलक लावलेले मार्ग मागे घ्यायला धाडस लागतं. ही कसोटी आपल्याकडे लावून बघण्यासारखी आहे, पण एक भर घालून. एलटीएसमध्ये चढ नाही. करूळ घाट उतरणं आणि चढणं यांना तक्त्यात एकच आकडा मिळतो. उतरताना ब्रेक आणि वळणांची भीती. चढताना ताशी पाच-सहा किलोमीटरने डुलत जाणारी सायकल आणि मागे भोंगा वाजवणारा ट्रक. एकाच डांबरावर दोन वेगळे रस्ते आहेत ते. मोजणीचा तक्ता आखताना प्रत्येक दिशेला स्वतंत्र ओळ ठेवा, आणि घाटाच्या प्रत्येक तुकड्यापुढे चढाची टक्केवारी लिहायला जागा सोडा.