विजयानंतरची हळहळ

वाचकहो, ई. आर. एडिसन या इंग्रज लेखकाची ‘द वर्म ऑरोबोरस’ ही कादंबरी १९२२ सालची. अद्भुत कादंबऱ्यांच्या परंपरेत तिला मोठा मान. टॉल्किननेही एडिसनला वाखाणले. तो मान ऐकून ती हाती घ्याल, तर निराशा पदरी पडेल, हे आधीच सांगून ठेवतो.

बुध ग्रहावर डेमनलँड आणि विचलँड ही राज्ये लढतात. पृथ्वीवरचा लेसिंगहॅम स्वप्नात तिथे पोहोचतो खरा, पण थोड्याच पानांत लेखक त्याला विसरूनच जातो! असो. जुन्या वळणाची इंग्रजी दमवते, तरी तिचा डौल नाकारता येत नाही. मंत्रबळाने पळवून नेलेल्या भावासाठी लॉर्ड जस बर्फाळ कडे चढतो, ती पाने मात्र जरूर वाचा. तिथे माया आहे, जिवाची बाजी आहे.

खटकतो तो शेवट. शत्रू संपला, भाऊ घरी आला, आणि आता या वीरांना करमत नाही. तोलामोलाचा वैरी उरला नाही म्हणून ते हळहळतात. राणी सोफोनिस्बा देवांना आळवते आणि मेलेले शत्रू पुन्हा उभे राहतात. स्वतःची शेपटी गिळणाऱ्या सापासारखी कथा फिरून पहिल्या जागी येते. रचना म्हणून चोखच म्हणा. पण तुम्हीच सांगा, मागच्या लढाईत जे साधे शिपाई पडले, त्यांना कोणी विचारले? त्यांच्या घरचे एकही माणूस लेखकाने त्या मेजवानीत बोलू दिलेले नाही.