कोऱ्या पानाची सोय

बाबांच्या मेडिक्लेमचं नूतनीकरण करायचं आहे, हे मी विसरलो नव्हतो. ते फोनच्या कॅलेंडरमध्ये होतं, टू-डू अ‍ॅपमध्ये लाल झेंडा लावून होतं आणि लॅपटॉपच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवरही होतं. तीन ठिकाणी नोंद होती, तरी मुदत गेली. वर मिळालेले ३० दिवसही गेले. नवी पॉलिसी घेतली तेव्हा मोतीबिंदूचा वेटिंग पीरियड पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आणि त्या वर्षी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांच्या साठवलेल्या पैशांतून झालं. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सहा महिन्यांनी, २७व्या वर्षी, मला एडीएचडीचं निदान झालं. डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली होती, कारण मोठेपणी निदान करतानाही लक्षणं १२व्या वर्षाआधीपासून होती का, हे बघतात. आईने ती पाच मिनिटांत काढून दिली. (तिच्याकडे सगळं जागेवर असतं.) ‘हुशार आहे, पण धांदरट’ हा शेरा चार वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात होता.

त्यानंतर मी दोन पुस्तकं पुन्हा वाचली. पूर्वी ज्याच्या प्रेमात होतो, ते या वेळी माझ्या मनातून उतरलं.

डेव्हिड अ‍ॅलन यांचं ‘गेटिंग थिंग्ज डन’ २००१ साली आलं. आमच्या क्षेत्रात कित्येकांसाठी ती पोथीच आहे. डोक्यातलं सगळं बाहेर काढा, प्रत्येक गोष्टीची पुढची कृती ठरवा, ती योग्य यादीत टाका आणि आठवड्यातून एकदा सगळ्या याद्या तपासा. इंजिनिअर माणूस हे वाचून खूश होतो, कारण एका बाजूने कच्चा माल आत जातो आणि दुसऱ्या बाजूने काम बाहेर पडतं. अ‍ॅलन यांची एक गोष्ट मी आजही मानतो: ‘विम्याचं बघायचं’ हे काम नव्हे, ‘अमुक नंबरवर फोन करायचा’ हे काम.

पण त्यांचा दोन मिनिटांचा नियम घ्या. दोन मिनिटांत होणारं काम लिहून ठेवू नका, लगेच करून टाका. मी एका सहकाऱ्याच्या मेलला उत्तर द्यायला बसलो. त्यासाठी एक लॉग उघडला. लॉगची मांडणी डोळ्याला खुपली. संध्याकाळी सात वाजता मी ती मांडणी सुधारणारी स्क्रिप्ट लिहीत होतो आणि मेल ड्राफ्टमध्येच होता. दोन मिनिटं म्हणजे किती, हे ज्याला आतून कळतं त्याच्यासाठी तो नियम आहे.

याहून मोठी अडचण साप्ताहिक आढाव्याची. पुस्तकाचं सगळं छप्पर त्या एका खांबावर आहे. रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की एडीएचडीत काय करायचं ते माणसाला माहीत असतं. माहीत असलेलं त्या क्षणी करणं जमत नाही. अ‍ॅलन यांचं पुस्तक गृहीत धरतं की यादी लिहिणारा आणि ती पाळणारा माणूस एकच आहे. माझ्या बाबतीत रविवारी यादी लिहिणारा शहाणा मुलगा मंगळवारी कामावर येतच नाही. माणसं मधेच गळतात हे अ‍ॅलन यांनाही ठाऊक आहे. पण त्यांचा उपाय काय, तर पुन्हा बसा आणि सगळं रिकामं करा. चारशे नोंदी साचलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे बंद पडलेली गाडी आधी धुऊन पुसून घ्या, मग धक्का मारा, असं सांगण्यासारखं आहे.

रायडर कॅरल यांचं ‘द बुलेट जर्नल मेथड’ २०१८चं. कॅरल डिझायनर आहेत, लहानपणीच त्यांचं निदान झालं होतं, आणि ते पुस्तकाच्या रचनेत दिसतं. त्यांच्या वहीत तारखा छापलेल्या नसतात. छापील डायरीची तीन आठवडे कोरी राहिलेली पानं आपल्याकडे बघत राहतात. मग आपण त्या डायरीला हातच लावत नाही. इथे पुढच्या ओळीवर आजची तारीख टाकायची आणि सुरू करायचं. खाडा झाला तर झाला. सर्व्हर कधीच पडू नये असं सगळ्यांना वाटतं, पण आम्ही जास्त डोकं लावतो ते पडल्यावर तो किती लवकर उठेल यावर. वाचलेल्यांपैकी हा विचार करणारं हे मला पहिलं पुस्तक वाटलं. महिनाअखेरीला राहिलेली कामं हाताने पुन्हा उतरवायची, ही युक्तीही तशीच. तिसऱ्यांदा उतरवताना हात कंटाळतो आणि कळतं, हे आपल्याला करायचंच नव्हतं. मग खुशाल काट मारायची.

पुस्तकाचा पुढचा भाग मात्र पाणी घातलेल्या आमटीसारखा आहे. कृतज्ञता, ध्येय, आयुष्याचा अर्थ. आणि इन्स्टाग्रामवर या वहीचं जे झालंय, रंगीत टेप, वॉटरकलरची फुलं, ते माझ्यासारख्याने बघूच नये. मी एक अख्खा शनिवार मथळे रंगवण्यात घालवला आहे.

शिवाय मिटलेली वही दिसत नाही, याचं उत्तर कॅरल यांच्याकडेही नाही. ते आमच्या स्वयंपाकघरात होतं. आईच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, माझ्या परीक्षा, सगळं एकाच भिंतीवर असायचं, आणि चहा करताना त्याकडे नजर गेल्याशिवाय राहायची नाही. माझी वही आता ओट्यावर चहाच्या डब्याशेजारी उघडी पडलेली असते. पानांवर डाग पडतात. विम्याच्या तारखेचं पान मी फाडून गॅसच्या वरच्या टाइलवर चिकटवलं.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. या वर्षीचा हप्ता भरल्याची नोंद वहीत आहे, मुदतीच्या चार दिवस आधीची. त्याच पानावर, तिच्या बरोबर वरची नोंद साडेपाच आठवड्यांपूर्वीची आहे.