बहिष्कार कुणाच्या हातात, कुणाच्या पोटावर?

‘कॅन्सल कल्चर’ हा शब्द आता मराठी चर्चासत्रांतूनही ऐकू येऊ लागला आहे. एखाद्या लेखकाने, नटाने, प्राध्यापकाने अप्रिय विधान केले की त्याची पुस्तके घेऊ नका, त्याचे व्याख्यान ठेवू नका, त्याला कामावरून काढा, अशी मागणी उठते. आणि तिच्या धास्तीने संपादक, प्रकाशक, कंपन्या माघार घेतात. जुलै २०२० मध्ये अमेरिकेतील ‘हार्पर्स’ मासिकाने दीडशेहून अधिक लेखक-विचारवंतांच्या सह्यांचे एक पत्र प्रसिद्ध केले. सलमान रश्दी आणि नोम चॉम्स्की यांच्या सह्या त्यावर होत्या. मोकळ्या चर्चेची जागा आक्रसत चालली आहे, असा त्या पत्राचा आशय. त्या भीतीत तथ्य आहे. परंतु आपल्याकडील पांढरपेशा वर्ग हे दुखणे असे काही सांगतो, की जणू बहिष्कार या देशात कालपरवा परदेशातून आला!

बहिष्कार हा शब्द आम्ही कोशातून शिकलेलो नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’. त्याआधी १९२० साली ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. बाजारात सर्वांचा पैसा सारखा, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. अस्पृश्याचा रुपया मात्र कचेरीच्या उंबऱ्यावरच विटाळला. विचारांच्या खुल्या बाजाराचा आमचा अनुभव इतका जुना आहे.

गावात तर हे शस्त्र थेट पोटावर चालत होते. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सभासद होते. समितीच्या १९३० च्या अहवालात बहिष्काराची सगळी रीत नोंदलेली आहे. हक्क मागणाऱ्या अस्पृश्याची कसणुकीची जमीन काढून घ्यायची, मजुरी बंद करायची, गावकीच्या कामाचे धान्य थांबवायचे, वाटा अडवायच्या, वाण्याला जिन्नस विकू द्यायचे नाहीत. म्हणूनच पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली, आणि त्यासाठी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातील व्याख्येचा आधार घेतला. सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे गुन्हा ठरला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला. एवढ्या वर्षांनंतर कायदे करावे लागतात, यातच सारे आले.

मग बहिष्कार ही गोष्टच त्याज्य मानायची काय? येथे घाई करून चालणार नाही. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५ पासून काळ्या नागरिकांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. बसचे बहुसंख्य उतारू काळेच होते. ते पायी चालले, आणि कंपनीचा गल्ला आटला. त्या राज्यातही १९२१ चा एक बहिष्कारविरोधी कायदा होता. १९५६ साली त्याच कायद्याखाली ऐंशीहून अधिक आंदोलकांवर आरोप ठेवण्यात आले आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना दोषी ठरवण्यात आले. म्हणजे पहा, जो कायदा आमच्या हातात ढाल होतो, त्याच जातीचा कायदा तेथे गोऱ्यांच्या हातात लाठी झाला! तेव्हा ‘बहिष्कार’ या शब्दाच्या बाजूने किंवा विरुद्ध हात वर करून प्रश्न सुटत नाही.

माझ्या मते प्रत्येक बहिष्काराला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, तो माणसाच्या कृत्यासाठी आहे की जन्मासाठी? दुसरा, ज्याच्यावर तो पडतो त्याला जगण्याची दुसरी वाट उरते काय? माँटगोमेरीच्या बस कंपनीला आपला नियम बदलता येत होता. महाडला पाणी पिणाऱ्याला आपली जात बदलता येत नव्हती. कर्नाटकात २०२२ साली काही देवस्थानांच्या जत्रांत मुसलमान दुकानदारांना जागा नाकारण्यात आली. त्यांनी काय केले होते? काही नाही. ते मुसलमान होते. ‘आमचा पैसा, आम्ही हवा तिथे खर्चू’ असे ग्राहकाच्या हक्काचे सोज्ज्वळ रूप घेऊन हा बहिष्कार येतो, पण त्याची कूळकथा स्टार्ट समितीच्या अहवालात सापडते.

आता बाजाराचे पाहू. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘तनिष्क’ने एक जाहिरात काढली. मुसलमान घरातील हिंदू सुनेचे डोहाळजेवण, एवढाच तिचा विषय. बहिष्काराची हाक उठताच कंपनीने ती मागे घेतली आणि कारणांमध्ये आपल्या कर्मचाऱ्यांचे हितही सांगितले. कंपनीला भित्री म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. व्यापारी हिशेब करतो. सलोखा खपतो तोवर तो सलोखा विकील, द्वेष खपू लागला की गप्प बसेल. त्याच्या गल्ल्यावर ज्यांचे वजन अधिक, त्यांच्या भावना अधिक लवकर दुखावतात. ज्याच्या खिशात दागिन्याचा पैसाच नाही त्याने बहिष्कार टाकला तरी तो कुणाला कळणार? बाजाराच्या आधाराने उभे राहिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे भाड्याच्या खोलीसारखे असते. मालकाची मर्जी फिरली की बिऱ्हाड रस्त्यावर.

लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ साली बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले, आणि भाषणातील वेदांविषयीचा व धर्मत्यागाचा भाग त्यांना पेलवेना. हे लोक सनातनी नव्हते, सुधारक होते. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद बारगळली. तेव्हा त्यांनी मंडळाला शिव्या देत वेळ घालवला नाही. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ स्वखर्चाने छापले. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ काढून घेणारे होते, पण छापखाना आणि वाचक शिल्लक होते.

हाच निकष आपल्यालाही लावला पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’मधील राम-कृष्णावरील परिशिष्ट काढा, अशी मागणी झाली, तेव्हा १९८८ च्या आरंभी दलितांचा प्रचंड मोर्चा मुंबईत उतरला. एका पुस्तकाची पाने वाचवण्यासाठी निरक्षर माणसे चालली! आणि २०१२ साली पाठ्यपुस्तकातील १९४९ च्या एका व्यंगचित्रावरून काही कार्यकर्त्यांनी पुणे विद्यापीठात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड केली. त्या चित्रावर आक्षेप घेणे रास्त होते, असे मी मानतो. पाठ्यपुस्तक हा बाजारातला माल नव्हे. वर्गात एकटा बसलेला दलित मुलगा ते घेणार नाही असे म्हणू शकत नाही. त्याच्या बाजूने बोलायलाच हवे होते. परंतु शिक्षकाचे टेबल उलथून त्या मुलाच्या वाट्याला काय आले? एक चर्चा, जी त्याच्या वर्गात व्हायला हवी होती, ती कायमची बंद झाली. उद्या आपल्या पुस्तकावर चालून येणाऱ्यांना मात्र आयता दाखला मिळाला.

म्हणून कार्यकर्त्यांनी बहिष्काराचे शस्त्र टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. दुबळ्यांच्या हाती असलेल्या थोड्या शस्त्रांपैकी ते एक आहे. विटाळ मानणाऱ्या हॉटेलात पाऊल टाकू नका, मजुरी बुडवणाऱ्याचा माल घेऊ नका. मात्र पुस्तकाला उत्तर पुस्तकाने द्या, आणि ते छापण्याची सोय आपल्या हाती ठेवा. चळवळीची नियतकालिके बहुधा विरोधकांच्या बंदीने मरत नाहीत, थकलेल्या वर्गणीने मरतात. आपल्यातील नोकरदारांनी, विशेषतः माझ्यासारख्या पगारी प्राध्यापकांनी, अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर पुढचे भाषण करण्यापूर्वी ती वर्गणी आधी भरावी.