दर्दाची दाद

एखादा कलावंत गेला की आपल्याकडे जे स्मरणलेख छापून येतात, त्यांत एक शब्द हमखास सापडतो. तो शब्द म्हणजे ‘दर्द’. आवाजात दर्द होता, डोळ्यांत दर्द होता, आयुष्यभर दर्द उराशी बाळगला म्हणून कला बहरली, असे आपण लिहितो आणि वाचणाराही मान डोलावतो. हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. मागच्या वर्षी माझे जुने लेख पुस्तकासाठी एकत्र करत होतो. नट, गायिका, शायर यांच्यावरचे ते लेख सलग वाचताना लक्षात आले, की निम्म्याहून अधिक लेखांत मी हेच केले आहे. माणूस आजारी होता, त्याला झोप लागत नव्हती, तो दारूत बुडाला होता, आणि मी त्या साऱ्याला ‘दर्द’ म्हणून दाद देऊन मोकळा झालो होतो. समीक्षक म्हणून ही चूक साधी नाही. तिची थोडी तपासणी करावी असे वाटले.

सुरुवात दिलीपकुमारपासून करतो, कारण ‘ट्रॅजेडी किंग’ ही उपाधी आपण सर्वांत जास्त मिरवली ती त्याच्या नावापुढे. पेशावरच्या फळांच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. बालपणाची काही वर्षे देवळालीत गेली, तरुणपणी पुण्याच्या लष्करी कँटीनमध्ये त्याने नोकरी केली. म्हणून आपल्या पिढीला तो नेहमीच घरचा वाटला. ‘मेला’ (1948), ‘अंदाज’ (1949), ‘जोगन’ (1950), ‘दीदार’ (1951), ‘दाग’ (1952) या चित्रपटांतून तो एकामागून एक जळणारी, हरणारी, मरणारी माणसे उभी करत गेला. 1955 मध्ये ‘देवदास’ आला. आमच्या घरातल्या मोठ्यांना त्याचे मरणे पाठ होते. ‘दाग’मध्ये तो कसा रडला आणि ‘देवदास’मध्ये कसा गेला, यावर चहाच्या तीन-तीन फेऱ्या होत.

या भूमिकांनी त्या माणसाचे काय केले, हे त्याने आपल्या आत्मचरित्रात (2014) सांगितले आहे. तीच तीच उदासी रोज अंगावर ओढून घेता घेता ती अंगातून उतरेनाशी झाली. मन काळवंडू लागले. तेव्हा त्याने लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञाला गाठले. डॉक्टरांनी हलक्याफुलक्या भूमिका करण्याचा सल्ला दिला आणि त्याने तो ऐकला. आज मानसोपचाराबद्दल निदान बोलले तरी जाते. त्या काळात आपल्याकडे ‘ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला जागा बघा’ ही केवळ चेष्टा होती, आणि घरात खरेच कोणी तसे आजारी असेल तर ते शेजाऱ्यांनाही कळू देत नसत. ‘असर’ झाला, ‘साया’ पडला असे म्हणून तावीज बांधला की आपले कर्तव्य संपायचे. अशा काळात ऐन कीर्तीवर असलेला एक पठाण नट उठून मनाच्या डॉक्टरकडे जातो, ही गोष्ट मला त्याच्या कुठल्याही संवादापेक्षा मोठी वाटते. आपल्या लेखांत मात्र ती एका ओळीत उरकली जाते, आणि तीही गंमत म्हणून.

इथे नेहमीची शंका येते. दर्द गेला तर कला उरेल काय? दिलीपकुमारच्या बाबतीत याचे उत्तर पडद्यावर आहे. ‘आझाद’ (1955) पाहा. त्यात तो दाढीवाल्या प्रौढ खानसाहेबांचे सोंग घेतो. चाल बदलते, मान किंचित मागे जाते, आवाज घशातून न येता पोटातून येतो. ‘कोहिनूर’ (1960) मध्ये जीवनबरोबरचा आरशाचा प्रसंग आहे. समोरच्याच्या प्रत्येक हालचालीची नक्कल त्याच क्षणी करायची, एका पापणीचाही उशीर नाही. याच चित्रपटातल्या एका गाण्यासाठी तो महिनोन्‌महिने सतार शिकला. पडद्यामागे ती उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांनी वाजवली होती, पण पडद्यावरची बोटे खोटी दिसू नयेत एवढा त्याचा आग्रह. ‘देवदास’ला जेवढी मेहनत लागली, तेवढीच इथेही लागली आहे. म्हणजे त्याच्याजवळ जे होते ते दुःख नव्हे, ती कसब होती. 1960 सालीच ‘मुघल-ए-आझम’ही आला, आणि तरी त्या वर्षीचे उत्तम अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक त्याला मिळाले ते ‘कोहिनूर’साठी. पुढे ‘राम और श्याम’ (1967) आला. इतके सारे होऊनही आपण त्याला ‘ट्रॅजेडी किंग’च म्हणत राहिलो. 7 जुलै 2021 रोजी वयाच्या 98 व्या वर्षी तो गेला, तेव्हाचे मथळेही तेच होते.

‘प्यासा’ (1957) मधली शायराची भूमिका आधी त्याला देऊ केली होती. त्याने ती केली नाही आणि मग गुरुदत्तने स्वतः केली. ही हकिकत सगळे सांगतात, आणि तिला जोडूनच 10 ऑक्टोबर 1964 सांगतात, ज्या दिवशी गुरुदत्त वयाच्या 39 व्या वर्षी गेला. या दोन गोष्टींची गाठ मारण्याचा मोह मला आवरला पाहिजे. भूमिका कोणाचा जीव घेत नाही. माणूस का खचतो याची कारणे पुष्कळ असतात आणि ती बाहेरच्याला कळत नाहीत. पण ‘प्यासा’तल्या शायराच्या आणि गुरुदत्तच्या एकटेपणाचे आपण एकच चित्र करून भिंतीवर लावले, हे खरे आहे.

आता एक गोष्ट, जी इतकी वर्षे माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसली नव्हती. ‘आझाद’ आणि ‘कोहिनूर’ या दोन्ही चित्रपटांची नायिका मीनाकुमारी आहे. ज्या दोघांना आपण दुःखाचा राजा आणि राणी केले, ती दोघे या चित्रपटांत एकमेकांची फिरकी घेत हसत आहेत. ‘मिस मेरी’ (1957) मध्येही ती आहे. तिची विनोदाची वेळ अचूक आहे, रागावताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू अडकलेले दिसते. हे कोणी लिहिले? मी तरी नाही. माझ्या लेखात ‘साहिब बीबी और गुलाम’ (1962) ची छोटी बहू होती, तिच्या हातातला पेला होता, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात 31 मार्च 1972, यकृताचा आजार. पडद्यावरच्या पेल्याला मी खऱ्या पेल्याची साक्ष म्हणून वापरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रदर्शित झालेल्या ‘पाकीजा’ला तिच्या मृत्यूनंतर कशी गर्दी उसळली, हेही कौतुकाने लिहिले. तिला झोप येत नव्हती आणि दारू ही झोपेची दवा म्हणून आयुष्यात शिरली, असे तिच्याविषयीच्या लिखाणातून येते. झोप न येणे हे आजाराचे लक्षण आहे, शायरीचे नाही. मी मात्र तिच्या रात्रींवर शायराना वाक्ये लिहिली होती. ती आता वाचवत नाहीत.

बेगम अख्तर यांची गोष्ट याहून वेगळी आहे आणि आपल्या समाजाला अधिक जवळची. फैजाबादची अख्तरीबाई मेहफिलीत, रंगभूमीवर, मेहबूबच्या ‘रोटी’ (1942) मध्ये गाजली. 1945 मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी तिचा निकाह झाला. आता ती शरीफ घराची बेगम. गाणे बंद. आपल्यापैकी कितीजणांना या ‘बंद’ शब्दाचा आवाज ओळखीचा वाटेल! मुलीचा गळा कितीही गोड असो, लग्नात ढोलकीवर दोन गाणी आणि मग संपले. सुमारे चार वर्षे त्या गायल्या नाहीत. मूल पोटात राहत नव्हते. त्यातच आई, मुश्तरीबाई, गेली. जिने पोरीच्या गळ्यासाठी उन्हातान्हात उस्तादांचे उंबरे झिजवले, ती आई. बेगम अंथरुणाला खिळल्या, मन पार खचले. तेव्हा डॉक्टरांनी जो इलाज सुचवला तो होता गाणे. 1949 मध्ये त्या लखनौच्या रेडिओ केंद्रावर पुन्हा गायल्या, आणि पुढे त्या बेगम अख्तर म्हणून साऱ्या देशाच्या झाल्या. 30 ऑक्टोबर 1974 रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले, तेही गाण्याच्या दौऱ्यावर असतानाच.

समीक्षकांनी मात्र इथेही उलटेच लिहिले. वरच्या स्वराला जाताना त्यांचा आवाज जिथे किंचित फुटतो, त्या जागेत आम्ही त्यांचे सारे दुःख कोंबले. ती जागा त्यांच्या गळ्यात दुःखाआधीही होती. ती कधी येऊ द्यायची आणि कधी नाही, हे त्या ठरवत होत्या, आणि पतियाळा घराण्याच्या अता मोहम्मद खाँ यांच्याकडची तालीम त्यामागे होती. दुःखाने गाणे दिले असते, तर त्या गप्प वर्षांत सर्वांत मोठे गाणे झाले असते. त्या वर्षांत काहीच झाले नाही. फक्त एक बाई आजारी पडली.

याच ठिकाणी मला आमच्या गावचा उरूस आठवतो. तिथल्या कव्वाल पार्टीत पेटी वाजवणारे एक चाचा होते. दिवसा सायकलींचे पंक्चर काढत. रात्री पेटीवर बसले की डोळे मिटत आणि असे काही वाजवत की समोरचे म्हातारे रुमाल काढत. एका वर्षी ते मधेच थांबू लागले. हात पेटीवर तसाच, मान खाली, मिनिट-दोन मिनिटे. आम्ही पोरे समजलो, हाल आला. मोठेही तसेच समजले. नोटा उधळल्या गेल्या. पुढच्या उरसाला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. दुकान बंद पडले. फकिरी चढली असे लोक म्हणाले, आणि त्यात एक अभिमान होता, की आमच्या गावात असा कलावंत आहे. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या घरी गेलो तेव्हा चाची म्हणाली, “तुम लोगां वाह वाह करते थे. रात तो मेरे कू काढनी पडती थी.” चाचा अंगणात बसून होते. थोरल्या मुलाने उशिरा का होईना त्यांना सरकारी दवाखान्यात नेले होते, गोळ्या चालू होत्या. पेटी कपाटावर, चादरीत बांधलेली.

चाचींच्या वाक्यानंतर परवीन बाबीवर लिहिणे अवघड जाते. तिच्याबाबतीत तर दादही मिळाली नाही, नुसती चघळणी झाली. जुनागढची ही मुलगी, ‘दीवार’ (1975) ची, 1976 मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकलेली. 1983 मध्ये सारे टाकून परदेशी गेली, 1989 मध्ये परतली ती ओळखू न येण्यासारखी. तिच्या निकटच्यांनी स्किझोफ्रेनिया असल्याचे जाहीरपणे सांगितले, तिने ते नाकारले. ती थोरामोठ्यांवर आरोप करू लागली आणि वर्तमानपत्रांना आणखी एक करमणूक मिळाली.

महेश भट यांनी या नात्यावर ‘अर्थ’ (1982) काढला. चित्रपट उत्तम आहे, शबानाचे काम अविस्मरणीय आहे, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नवऱ्याशिवाय जगता येते हे त्या काळात इतक्या ठामपणे सांगणारा चित्रपट मी विसरणार नाही. पण आज तो पाहताना माझी नजर स्मिता पाटीलवर खिळते. तिची कविता भयाने पछाडलेली आहे, औषधे आहेत, ओरडणे आहे. स्मिताने त्या भयाला जी खरी थरथर दिली आहे ती पटकथेत नाही. पटकथेला कविता हवी आहे ती पत्नीच्या मुक्तीसाठी एक पायरी म्हणून, पुरुषाच्या अपराधी भावनेचे कारण म्हणून. कविता एकटी खोलीत असते तेव्हा तिला काय दिसते, काय ऐकू येते, हे कॅमेरा विचारत नाही. परवीन तेव्हा हयात होती, काम करत होती. नंतर ‘वो लम्हे’ (2006) आला, तेव्हा ती उरली नव्हती. त्यातही गोष्ट सांगणारा आठवणींचा मालक तो पुरुषच. आजारी कलावंताचे चरित्र नेहमी निरोगी माणूस लिहितो, म्हणून त्यात आजार कमी आणि लिहिणाऱ्याचे दुःख जास्त असते. माझे लेखही याच जातीचे.

22 जानेवारी 2005 रोजी जुहूच्या फ्लॅटमध्ये तिचा मृतदेह सापडला. दोन-तीन दिवस दाराबाहेरचे दूध आणि वर्तमानपत्रे कोणी उचलली नव्हती, त्यावरून शेजाऱ्यांना शंका आली.

पुस्तकातून तिच्यावरचा लेख मी काढून टाकला आहे. बेगम अख्तर यांच्यावरचा ठेवला, त्यात तालमीवर चार पाने वाढवली. मीनाकुमारीवरचा पुन्हा लिहायला घेतला आहे. त्यासाठी ‘कोहिनूर’ दोनदा पाहिला आणि वहीत तिच्या हसण्याच्या जागा टिपून ठेवल्या. पहिलीच जागा लिहिताना अडलो. दर्दासाठी माझ्याजवळ ढीगभर शब्द होते. या हसण्याला काय म्हणावे, ते दोन आठवडे झाले, सुचत नाही.