ऐकणारे नट

मराठी नट बोलायला चांगला, याबद्दल कधी दुमत नव्हतं. संगीत नाटकापासून चालत आलेली तालीम, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा शब्द, लांबलचक स्वगत पेलण्याची ताकद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक, मग प्रायोगिक नाटक, मग मालिका, मग चित्रपट, हा इथल्या बऱ्याच नटांचा आजही रस्ता आहे. या रस्त्याने बोलणारे नट घडतात. गेल्या दहाएक वर्षांतले मराठी चित्रपट बघताना मला मात्र वेगळ्याच गोष्टीने धरून ठेवलं. समोरचा बोलत असताना गप्प असलेला नट काय करतो, ते मी बघायला लागलो. मी समीक्षक नाही, तिकीट काढून रात्रीच्या खेळाला जाणारा प्रेक्षक आहे. पण माझं एक मत आता पक्कं झालं आहे. आपल्याकडचा अलीकडचा उत्तम अभिनय ऐकणाऱ्यांनी केला आहे, आणि जिथे अभिनय फसला आहे तिथे बहुतेक वेळा पडद्यावर कुणीच कुणाचं ऐकत नाही.

याची सुरुवात माझ्यासाठी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’पासून झाली. 2015 साली तो चित्रपटगृहांत आला. लोकशाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत वीरा साथीदार होते. ते नागपूरच्या चळवळीतले कार्यकर्ते, पेशाने नट नव्हेत. एका कामगाराला गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केल्याच्या आरोपाखाली हा शाहीर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. दुसरा कुठला चित्रपट असता तर त्याच्या तोंडी ज्वलंत भाषण आलं असतं. इथे साथीदार फक्त ऐकत राहतात, विचारलं तेवढ्याचं उत्तर देतात. आपल्याविषयी चाललेलं बोलणं दुसऱ्याच कुणाविषयी असावं असा थकवा त्यांच्या उभं राहण्यात आहे. 2021 मध्ये करोनाने ते गेले. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी यांचं काम तर मी पुन:पुन्हा पाहिलं आहे. कलमांमागून कलमं त्या एका सुरात वाचत सुटतात. त्या बाईत दुष्टपणा कुठेच नाही, उरकायचं काम आहे. कोर्टातून सुटल्यावर लोकलमधल्या गप्पा, घरचा स्वयंपाक, नवरा-मुलांबरोबर पाहिलेलं नाटक यांतून ती आपल्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत असावी अशी होते, आणि मग तिच्या युक्तिवादाची खरी भीती वाटते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली ही अभिनेत्री आणि अभिनयाची पाटीही न गिरवलेला कार्यकर्ता एकाच चौकटीत उभे आहेत, आणि कोण शिकलेलं आणि कोण न शिकलेलं ते कळत नाही.

ताम्हाणे यांचा पुढचा चित्रपट ‘द डिसायपल’ तर ऐकण्यावरच उभा आहे. शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून संथ मोटारसायकल चालवत कानाला लावलेली माईंची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकतो. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरू झालेले अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्षातले गायक. संगीताची कडक शिकवण मनात मुरवून घेणारा तरुण आणि हळूहळू त्या शिकवणीचं ओझं झालेला प्रौढ माणूस, हा सगळा प्रवास मोडक यांच्या पाठीच्या कण्यात दिसतो. काही समीक्षकांना ते कोरे वाटले. मला ते पटत नाही. आपल्याला जमणार नाही हे कळत चाललेला माणूस चेहऱ्यावर फार काही दाखवत नसतो, तो लपवत असतो.

अलीकडे या वाटेवर दोन चित्रपट फार पुढे गेले. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ मार्च 2025 मध्ये आपल्याकडे लागला. विदर्भातल्या गावातलं कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं घर, आणि लग्नाला आलेली सविता. पाहुणे येतात, चहा-पोहे होतात, सविता खाली मान घालून स्टुलावर बसते. नाव, शिक्षण, उंची, आवड. मग दुसरे पाहुणे येतात आणि तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. सविताच्या भूमिकेतल्या नंदिनी चिकटे यांनी आधी चित्रपटात काम केलेलं नव्हतं, त्या भागातल्याच इतर कलाकारांनीही नाही. प्रसंग पुन:पुन्हा तोच, उत्तरंही तीच, आणि तरी नंदिनी यांची प्रत्येक बैठक वेगळी आहे. पहिल्या वेळी संकोच आहे, पुढे शरम, नंतर एक सुन्नपणा, आणि त्याखाली साठत जाणारा राग. हे सगळं त्या प्रश्न ऐकताना करतात. बाप झालेला माणूस कापसाचा भाव ऐकतो तो क्षणही असाच आहे. भाव सांगणारा एक आकडा बोलतो आणि आपल्याला पोरीचं लग्न मोडताना दिसतं. त्या बोलीचा ठसकाही महत्त्वाचा. पुण्यामुंबईच्या नटांनी शिकून घेतलेल्या वऱ्हाडीत शब्दांचे शेवट बरोबर असतात, श्वास मात्र शहरातला असतो. इथे श्वासही तिथलाच आहे.

दुसरा चित्रपट रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक त्याने मिळवलं आणि सप्टेंबरमध्ये तो इथे प्रदर्शित झाला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी येतो. नातेवाईक हे करायचं नाही, ते घालायचं नाही, असे नियम सांगत राहतात आणि मधूनमधून लग्नाचं काढतात. आनंदला पुरुषांचं आकर्षण आहे हे आईला ठाऊक आहे. भूषण मनोज यांचा आनंद सगळ्यांचं ऐकून घेतो, पण त्यातलं किती आत जाऊ द्यायचं हे तो ठरवतो, आणि ते ठरवणं आपल्याला दिसतं. बालपणीचा मित्र बाळ्या, म्हणजे सूरज सुमन, समोर आला की त्याचे खांदे सैल होतात. माझ्या दृष्टीने या चित्रपटाचा प्राण मात्र आईची भूमिका करणाऱ्या जयश्री जगताप आहेत. भावकीच्या प्रश्नांपुढे मुलाला सांभाळून घेताना ही बाई एकही मोठं वाक्य बोलत नाही. अशी आई मराठी पडद्यावर मी पूर्वी पाहिली नव्हती.

इथे एक खुलासा करायला हवा. गप्प राहणं म्हणजे ऐकणं नव्हे. मालिकांमध्ये नट गप्पच असतात. सासूने कप आपटला की कॅमेरा खोलीतल्या प्रत्येकावर जातो, आणि प्रत्येकाचा ठरलेला चेहरा तयार असतो. ऐकणारा माणूस ऐकता ऐकता बदलतो. एक वाक्य कानावर पडण्याआधीचा आणि नंतरचा तो वेगळा असतो. वर्षानुवर्षं रोज मालिकेचं चित्रीकरण करणाऱ्या नटाकडून हा बदल मागायला कुणाला वेळ नसतो, आणि मग तो नट चित्रपटात आला तरी ठरलेला चेहरा बरोबर घेऊन येतो. दोष त्याचा एकट्याचा नाही.

सगळ्यात जास्त निराशा मला चरित्रपटांनी केली आहे, आणि हे मी दु:खाने लिहितो आहे. रंगभूषेचं काम आपल्याकडे आता इतकं चांगलं होतं की ‘धर्मवीर’मध्ये प्रसाद ओक आनंद दिघे म्हणून समोर आले तेव्हा सभागृहात अक्षरश: श्वास रोखला गेला. त्यांनी चाल घेतली, नजर घेतली, दरारा घेतला. पण सबंध चित्रपटात ते येतात, निवाडा देतात, जातात. माणूस एकटा बसला की काय करत असेल, ते कळत नाही. याच प्रसाद ओक यांचा ‘पिकासो’ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. अभिजित वारंग यांच्या त्या छोट्याशा चित्रपटात ते कोकणातल्या दशावतारी कलावंताचं काम करतात. दारूत बुडालेला, पोराची मागणी ऐकताना नजर चुकवणारा बाप. त्यांच्या थोरवीची साक्ष मला विचाराल तर तिथे आहे.

शिवकाळावरच्या चित्रपटांचंही तसंच. ‘फर्जंद’पासून ‘सुभेदार’पर्यंत दिग्पाल लांजेकर यांनी ओळीने चित्रपट केले. ‘पावनखिंड’मध्ये अजय पूरकर यांच्या बाजीप्रभूंनी देह झोकून काम केलं. पण महाराज आले की वाक्य येतं आणि टाळी येते. चिन्मय मांडलेकर यांची तयारी आणि निष्ठा दिसते, तरी त्यांच्या वाट्याला बोलणंच फार. ज्या राजाचं हेरखातं एवढं नावाजलेलं, तो बहिर्जी नाईकांची खबर कशी ऐकत असेल? कोणत्या तपशिलावर थांबत असेल, कुठे शंका घेत असेल? ऐकून निर्णयाला येणारे शिवाजी महाराज हा केवढा मोठा अभिनयाचा प्रसंग आहे! तो कुणीतरी लिहायला हवा.

अपवाद आहेत. ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’मध्ये सुबोध भावे यांनी टाळीसाठी आसुसलेला नट उभा केला. त्या भूमिकेला भडकपणा हवाच होता. पण मला लक्षात राहिले ते डॉ. लागू झालेले सुमीत राघवन. हुबेहूब लागू दिसण्याचा हट्ट न धरता त्यांनी त्यांची तोलून बघण्याची सवय उचलली. ‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची भूमिका केली. संवादांत ते कधीकधी अडखळल्यासारखे वाटतात, गाऊ लागले की सगळं विसरायला होतं.

लोकप्रिय चित्रपटांत हे घडत नाही असं कुणी समजू नये. 2023 मध्ये सर्वांत जास्त चाललेला मराठी चित्रपट म्हणजे केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’. पटकथा अनेक ठिकाणी सोपी वाट धरते, पण रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर, दीपा परब या सहा जणी एकत्र आल्या की कोण बोलतंय याला महत्त्व राहत नाही. वंदना गुप्ते एखादं वाक्य फेकतात, आणि उरलेल्या पाच जणींवर ते पाच तऱ्हांनी आदळतं. ‘नाच गं घुमा’मध्ये ‘हास्यजत्रे’मुळे घराघरांत पोचलेल्या नम्रता संभेराव यांनी घरकाम करणारी आशा केली. मालकिणीची बोलणी खाताना हसू आणि अपमान एकाच वेळी गिळणं सोपं नाही. मुक्ता बर्वे यांच्यासारखी कसलेली अभिनेत्री समोर असतानाही नजर नम्रता यांच्याकडे जाते, आणि मुक्ता ती जाऊ देतात. हा त्यांचा मोठेपणा.

‘आता थांबायचा नाय!’मध्ये शिवराज वायचळ यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची रात्रशाळा दाखवली. ‘सही रे सही’मध्ये रंगमंच पिंजून काढणारे भरत जाधव इथे मागच्या बाकावर जुना कामगार म्हणून शांत बसतात. वय झाल्यावर दहावीच्या वर्गात बसायला लागलेल्या माणसाची लाज आणि भूक त्यांनी काहीही न उधळता दाखवली. सिद्धार्थ जाधव यांनीही आपला नेहमीचा वेग आवरला आहे. 2025 मधलं माझं सर्वांत आवडतं लोकप्रिय काम हेच.

मग ‘दशावतार’. दिलीप प्रभावळकर यांचा जन्म 1944 चा, म्हणजे सुबोध खानोलकर यांचा हा चित्रपट लागला तेव्हा त्यांनी एक्याऐंशी पूर्ण केली होती. या वयात त्यांनी बाबुली मेस्त्री हा दृष्टी अधू होत चाललेला दशावतारी कलावंत उभा केला. पूर्वार्धात ते वाऱ्याचा, मुलाच्या पावलांचा, पेटीच्या सुराचा कानोसा घेत वावरतात. डोळ्यांनी साथ सोडलेला नट कानांवर जगतो, हे त्यांनी मानेच्या एका वळणात दाखवलं. उत्तरार्धात चित्रपट सूडाच्या वाटेला लागतो, पार्श्वसंगीत चढतं, आणि एवढ्या मोठ्या नटाच्या बारीक हालचाली त्या आवाजात हरवतात. दिग्दर्शकाने त्यांच्यावर अजून थोडा भरवसा ठेवायला हवा होता. मराठीत पार्श्वसंगीताने नटांचं फार नुकसान केलं आहे, हे मी ठामपणे म्हणेन. डोळ्यांत पाणी यायच्या आधीच व्हायोलिन रडायला लागतं.

शेवटी अनिता दाते यांच्याविषयी, कारण हा लेख लिहावासा वाटला तो त्यांच्यामुळे. मालिकेतली राधिका म्हणून त्या लोकांना माहीत होत्या. मग ‘मी वसंतराव’मध्ये त्या वसंतरावांची आई झाल्या. परेश मोकाशी यांच्या ‘वाळवी’मध्ये त्या अवनी झाल्या, जिच्या जिवावर तिचाच नवरा उठला आहे. स्वप्नील जोशी तिच्याशी गोड बोलत असतात आणि ती ऐकत असते, आणि तिला नक्की किती कळलंय या एका प्रश्नावर प्रेक्षक खुर्चीच्या टोकावर येतो. ‘जारण’मध्ये अमृता सुभाष यांनी भीतीने पोखरलेल्या बाईचं जबरदस्त काम केलं. त्यांच्यासमोर गंगुटी बनून आलेल्या अनिता दाते यांनी मोजक्या प्रसंगांत अंगावर काटा आणला. आई, बायको, चेटकीण. तिन्ही भूमिकांत एकही लकब सारखी नाही. आज मराठीत त्यांच्या तोडीच्या अभिनेत्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. लेखकांना आणि निर्मात्यांना माझी विनंती आहे, पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत कॅमेरा त्यांच्यावरच राहील असा चित्रपट लिहा. तिकीट मी पहिल्या दिवसाचं काढेन.