शब्द तेच, चाल निराळी : लाउंज विडंबनाविषयी काही विचार

मराठी समीक्षेत 'विडंबन' ही संज्ञा योजताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'चा आदर्श असतो. मूळ कवितेचे वृत्त, तिची ठेवण व तिचा आविर्भाव कायम राखून त्या साच्यात क्षुल्लक वा विसंगत आशय भरावयाचा, ही त्या विडंबनाची रीत. अमेरिकेतील 'वीअर्ड अल' यान्कोविक याची लोकप्रिय विडंबनगीतेही स्थूलमानाने याच रीतीने सिद्ध झालेली आहेत. प्रस्तुत लेखात ज्या प्रकाराचा विचार करावयाचा आहे, तो मात्र याच्या नेमका उलट आहे. येथे शब्दांना सहसा हात लावला जात नाही. बदलतात ती लय, वाद्यमेळ आणि गायकाचा पवित्रा. परिणामी केवळ छापील शब्द वाचणाऱ्यास त्यात विडंबन आहे, याचा पत्ताही लागणार नाही.

'चाल' ही शब्दांपासून अलग करता येणारी गोष्ट आहे, हे मराठी रसिकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. 'संगीत शाकुंतल' (1880) पासूनच्या नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर परिचित गीताची चाल निर्दिष्ट केलेली असे, आणि ती उसनवारी कोणाला हास्यास्पद वाटली नाही. मग चालीच्या बदलातून हसू केव्हा निर्माण होते? माझ्या मते, चाल जेव्हा स्वतःबरोबर एक सामाजिक स्थान घेऊन येते आणि शब्द त्या स्थानाशी भांडू लागतात तेव्हा.

लाउंज शैलीला असे स्थान आहे, आणि ते फार स्पष्ट आहे. 1950 नंतरच्या दशकांत लास व्हेगासच्या हॉटेलांतून फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन यांच्या मैफली गाजल्या. सहारा हॉटेलच्या लाउंजमध्ये लुई प्रिमा व कीली स्मिथ यांनी 1954 पासून मध्यरात्रीनंतरचे श्रोते खिळवून ठेवले. हातात मद्याचा पेला, अंगावर टक्सिडो, स्वरात लाघव आणि समोरच्या पाहुण्याला कशाचीही चिंता नाही असे गृहीतक. रॉक संगीताने तरुण पिढी काबीज केल्यावर ही शैली जुनाट ठरली आणि जुनाट ठरल्यामुळेच थट्टेला उपलब्ध झाली. बिल मरे याने 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात 1977 पासून रंगविलेला निक हा लाउंज गायक 1978 मध्ये 'स्टार वॉर्स'च्या शीर्षकसंगीताला स्वतःचे शब्द जोडून गातो, तेव्हा हशा त्या बिचाऱ्या गायकावर असतो. गीत निमित्तमात्र.

मार्क जोनाथन डेव्हिस या कलावंताने 'रिचर्ड चीझ' हे नाव धारण करून 2000 मध्ये 'लाउंज अगेन्स्ट द मशीन' हा संग्रह काढला, तेव्हा या थट्टेची दिशा बदलली. 'रेज अगेन्स्ट द मशीन' या बंडखोर वाद्यवृंदाच्या नावावरील ही कोटी असून, साथीदारांची नावेही रिकोटा, ब्री, गौडा अशी चीजच्या प्रकारांवरून घेतलेली आहेत. हा विनोद फारसा सूक्ष्म नाही, हे मान्य करावयास हवे. पण निक जसा केविलवाणा होता तसा हा गायक नाही. त्याला स्विंगची लय खरोखरच अवगत आहे, आणि त्याचा पियानोवादक कसलेला आहे. त्यामुळे आता हसू दोन्ही बाजूंना विभागले जाते: गाणारा हास्यास्पद आहेच, परंतु ज्या गीताचा संताप एवढ्या सहजपणे कॉकटेलच्या सुरावटीत विरघळतो, त्या गीताच्या संतापाविषयीही शंका येऊ लागते.

अभिनवगुप्तांनी हास्याचे मूळ अनौचित्यात पाहिले आणि कोणत्याही रसाचा आभास हास्याचा विभाव होऊ शकतो, असे प्रतिपादिले. हे सूत्र येथे उपयोगी पडते. मात्र त्याला एक प्रश्न जोडावा लागतो. अनौचित्य कोणाचे? चालीचे, की शब्दांचे?

'डेड केनेडीज' या पंक वाद्यवृंदाचे 'हॉलिडे इन कंबोडिया' (1980) हे गीत मुळातच उपरोधिक आहे. सुखवस्तू अमेरिकन विद्यार्थ्याच्या आत्मतृप्तीला ते पोल पॉटच्या राजवटीसमोर उभे करते. रिचर्ड चीझ ते गातो तेव्हा उपरोध बोथट व्हावा अशी आपली अपेक्षा असते, पण प्रत्यक्षात तो अधिक धारदार होतो. मूळ गीतात ज्याच्यावर आघात होतो तो सुखासीन माणूस श्रोत्यासमोर नव्हता; येथे तोच माइक हाती घेऊन उभा आहे, आणि आपण कशाविषयी गात आहोत याची त्याला वार्ताही नाही.

'डिस्टर्ब्ड'च्या 'डाउन विथ द सिकनेस' (2000) या गीताचे असेच झाले. झॅक स्नायडरच्या 'डॉन ऑफ द डेड' (2004) या चित्रपटात रिचर्ड चीझची आवृत्ती योजलेली आहे. बाहेर जिवंत झालेली प्रेते आणि आत मॉलमध्ये अडकलेली माणसे आरामात दिवस कंठत आहेत, त्या दृश्यमालिकेवर हे लाघवी स्वर ऐकू येतात. मूळ गायकाचा तो प्रसिद्ध घशातला गुरगुराट येथे सभ्य खाकरण्यासारखा उच्चारला जातो. मूळ गीत चित्रपटाच्या अखेरीस, श्रेयनामावलीवर, वाजते. त्याचा परिणाम होतो, पण भय अधिक वाटते ते पहिल्या आवृत्तीचे. आपत्तीतही माणूस सोयीस्कर वातावरण निर्माण करून घेतो, हे ती चाल सांगते.

याउलट 'निर्वाणा'चे 'रेप मी' (1993). हे गीत बलात्काराच्या विरोधात आहे, असे कर्ट कोबेन याने सांगितले होते. आणि गीताचे सारे सामर्थ्य त्याच्या आवाजातील जखमेत आहे. तो आवाज काढून घेतल्यावर उरतात ते केवळ धक्कादायक शब्द, आणि त्यांवर श्रोता हसतो तो शाळकरी मुलाने निषिद्ध शब्द ऐकून हसावे तसा. येथे चालीने शब्दांचे परीक्षण केलेले नाही, त्यांना केवळ उघडे पाडले आहे. या संग्रहांतील बरीच गीते, दुर्दैवाने, याच जातीची आहेत.

रॅप गीतांबाबत प्रश्न आणखी अवघड होतो. गोऱ्या गायकाच्या सभ्य कंठातून कृष्णवर्णीयांचे गीत यावे, हा अमेरिकन संगीताच्या इतिहासात विनोद नव्हता. तो व्यवसाय होता. पॅट बून याने 1956 मध्ये लिटल रिचर्डचे 'टुटी फ्रुटी' सोवळे करून गायिले आणि लोकप्रियतेच्या सूचीत मूळ गायकाच्याही वरचे स्थान मिळविले. त्याच बूनने 1997 मध्ये हेवी मेटल गीतांचा स्विंग संग्रह काढला, हा इतिहासाचा एक मिस्किलपणा म्हणावा. ही पार्श्वभूमी ठाऊक असलेल्यास सर मिक्स-ए-लॉटचे 'बेबी गॉट बॅक' (1992) रिचर्ड चीझच्या तोंडून ऐकताना निखळ हसता येणार नाही. सभ्य स्वर हाच प्रमाण स्वर आणि रॅप ही त्यापासूनची विकृती, असे त्या विनोदाचे गृहीतक तर नाही ना, अशी शंका राहते.

तथापि या शंकेलाही अपवाद आहे. स्नूप डॉगचे 'जिन अँड ज्यूस' हे मूळचेच मद्य, मौज आणि मंद लय यांचे गीत आहे. त्याचा सैल, शब्द लांबविणारा उच्चार हा एका अर्थी डीन मार्टिनचाच वारस. रिचर्ड चीझ ते गातो तेव्हा विसंगती अपेक्षेपेक्षा कमी भरते, हशा कमी होतो, आणि दोन परंपरांमधील नाते अनपेक्षितपणे ऐकू येते. पॉल अँका याने 'रॉक स्विंग्ज' (2005) मध्ये 'निर्वाणा'चेच 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' पूर्ण गांभीर्याने गायिले आहे. तेथे ना थट्टा आहे, ना डोळे मिचकावणे. ते ऐकताना जाणवते की ही चाल स्वभावतः विनोदी नाही. रिचर्ड चीझच्या गायनात ती विनोदी होते ती गायकाने श्रोत्याशी केलेल्या गुप्त करारामुळे, आणि 'जिन अँड ज्यूस'मध्ये तो करार क्षणभर विसरला जातो.