पायदान कोण ठरवीत होते?

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक सगळे आवाजात अडकले. तो होताच तसा. कुलसूम सयानींचे ‘रहबर’ उर्दू, नागरी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. त्या घरातली ती हिंदुस्थानी जबान होती. पण आम्हांला बोलायचे आहे ते त्या आवाजाने दर बुधवारी वाचलेल्या यादीविषयी.

१९५२ साली मंत्री बा. वि. केसकर (आपले मराठीच गृहस्थ) यांच्या अमदानीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, आणि डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ आली. ध्वनिमुद्रण मुंबईत, प्रक्षेपण कोलंबोहून, पैसा दंतमंजन विकणाऱ्या कंपनीचा. यात लपवाछपवी नव्हती. मालकाचे नाव कार्यक्रमाच्या माथ्यावरच होते.

लपलेला हात दुकानाच्या गल्ल्यामागे होता. गाण्याचे पायदान ठरे ते मुख्यतः तबकड्यांच्या खपावरून, आणि खप कळे दुकानदारांकडून. दुकानदाराला हाताशी धरले की गाणे चढते, हे सिनेमावाल्यांना समजायला वेळ लागला नाही. तशा तक्रारी झाल्या, म्हणून श्रोता संघांची मतेही जमेस धरली जाऊ लागली. पण संघालाही कोणी गाठू शकतोच!

तरीही आमचा मुख्य आक्षेप लबाडीवर नाही. सगळे दुकानदार फरिश्ते असते तरी ती यादी ‘लोकांची पसंती’ झाली नसती. लालबाग-परळच्या खोलीत पाळीवरून आलेला कामगार गाणे ऐकायचा शेजाऱ्याच्या रेडिओवर, नाहीतर इराण्याकडे चहा पिता पिता. तबकडी विकत घेणे त्याला कुठले परवडायला? मोजणी झाली ती घेणाऱ्याची. ऐकणारा हिशेबाबाहेरच राहिला.

आणि त्याच वस्तीत एक आवाज असा होता, जो कुठल्याच पायदानावर येणार नव्हता. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी कलापथक उभारले. ‘ते पक्षाचे गाणे, लोकांचे कसले?’ असे नाक मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण पथकाचे नावच ‘लाल बावटा’ होते. पाठीशी कोण, हे डफावर थाप पडण्याआधीच मैदानात बसलेल्याला ठाऊक असे. बिनाकाइतकाच हा मामला उघड. फरक एवढाच की मैदानात गर्दी फुगवून सांगता येत नव्हती. आवडले नाही तर माणूस उठून चाळीकडे चालू लागे.

अस्सलपणाची चौकशी आपण नेहमी गाणाऱ्याकडे करतो. मोजणाऱ्याला कोणी विचारत नाही. गीतमालेची ती जुनी गाणी सयानींच्या निवेदनासह पुढे ‘गीतमाला की छाँव में’ या नावाने बाजारात आली. ती काढली ‘सारेगामा’ने, म्हणजे ज्या ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांचा खप त्या काळी मोजला जात होता, तिनेच.